मी सरळ केलेले कोपरे

डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघतात, आमच्याकडे बघत नाहीत, ही तक्रार तुम्ही कधी ना कधी केली असेल. मीही केली आहे. नुसती केली नाही, छापून वाटली आहे. कॉलेजात असताना आमचा आरोग्याच्या हक्कांवर काम करणारा एक गट होता. त्याची पत्रकं मी लिहायचे. 'केसपेपर तुमचा आहे, मागून घ्या.' 'पावती मागा, लाजू नका.' 'डॉक्टरांनी तुमच्या तोंडाकडे बघून बोललं पाहिजे.' अंबरनाथ स्टेशनाबाहेर उन्हात उभं राहून वाटायचे. त्यातली निम्मी वडापावाखाली जायची, हेही याच डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेली सहा वर्षं मी तोच कॉम्प्युटर डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन बसवते. पोटासाठी. गटातले मित्र टोमणे मारतात, मारू देत. गरिबाचा कागद नीट राहिला तर गरिबाचा जीव नीट राहतो असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. मात्र 'नीट' म्हणजे काय, हे मला जरा महागात कळलं. ते सांगण्यासाठी हा लेख.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये नानकसेठचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दवाखान्यांसाठी बनवलेलं एक सॉफ्टवेअर सेठ विकतात. बनवणारे कुठेतरी दुसरीकडे बसतात, आम्ही फक्त लावून देतो. गिऱ्हाईक म्हणजे फॅमिली डॉक्टर. एक खोली, मध्ये पडदा, बाहेर एक बाक आणि एक कंपाउंडर. मी जाते, मशीन लावते, जुनी कार्डं आत घालते आणि मग पंधरा दिवस डॉक्टरांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांना शिकवते.

हे सोपं वाटत असेल तर एकदा त्या स्टुलावर येऊन बसा. गर्दीच्या वेळी डॉक्टरला एका माणसामागे तीन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात ऐकायचं, तपासायचं, ठरवायचं, औषध द्यायचं, सासूची चौकशी करायची. इतकी वर्षं हा माणूस पेनाने दीड ओळ लिहून मोकळा व्हायचा. आता त्याला स्क्रीनवरचे बारा खाने भरायचे असतात आणि एकही रिकामा सोडला तर मशीन पुढे जात नाही. मग तो पेशंटकडे बघणार कधी? पत्रकात मी डॉक्टरला शिव्या घातल्या होत्या. स्टुलावर बसल्यावर कळलं की अर्ध्या शिव्यांचा पत्ता चुकला होता. खाने ठरवणारे लोक दवाखान्याच्या बाकावर कधी बसलेलेच नसतात.

डॉक्टर लोकही एकेक नमुने. उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी कॉम्प्युटर विकत घेतला, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि रोज सकाळी उदबत्ती ओवाळायला लागले. लिहायचे मात्र जुन्याच पॅडवर. मी रागावले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ये पेशंट के लिए है. मेरे लिए थोड़ी ना है." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मशीन दिसलं की लोकांचा ताप निम्मा उतरायचा.

अंबरनाथला बुवापाड्यात एक डॉक्टर होते, कामाला वाघ, टायपिंगला कासव. त्यांच्याकडे मशीन लावून सहा महिने झाल्यावर मी सगळ्या नोंदींची बेरीज काढली आणि हादरले. निम्म्या बुवापाड्याला पोटदुखी. माझ्यातली कार्यकर्ती तिथेच उठून बसली. पाणी खराब आहे, नळाला गटार लागलं आहे, आता सोडायचं नाही. 'बुवापाड्याच्या पोटात काय चाललंय?' असा मथळासुद्धा लिहून झाला. डॉक्टरांना दाखवला तर ते आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "अगं बाई, पाण्याचं काही नाही. तुझ्या त्या इंग्रजी यादीत पोटदुखी सगळ्यात वर आहे. खोकला शोधायला फार खाली जावं लागतं. बाहेर माणसं ताटकळलेली असतात." पत्रक फाडलं. बुवापाडा खोकत होता आणि कॉम्प्युटर त्याचं पोट दुखतंय म्हणून सांगत होता. मी हसले, चार ठिकाणी ही गोष्ट रंगवून सांगितली. तेव्हा हसण्याऐवजी विचार केला असता, तर पुढचं टळलं असतं.

बदलापूरचे डॉक्टर गुप्ते मला आधीपासून ओळखत होते. कॉलेजच्या दिवसांत मी त्यांच्या दवाखान्यासमोर उभी राहून डॉक्टरांविरुद्धची पत्रकं वाटली होती. ते बाहेर आले, एक पत्रक उभ्या उभ्या वाचलं, माझ्याकडून दहा मागून घेतली आणि आपल्याच बाकावर ठेवून दिली. दहा वर्षांनी मी मशीन घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "या पत्रकवाल्या बाई. आता काय मागणी आहे?"

मागणी खरं तर त्यांचीच होती. सत्तरी आली होती आणि उजवा हात थरथरायला लागला होता. स्वतःचं अक्षर स्वतःला लागेना. श्वेता नावाची एक तरुण डॉक्टर दवाखाना चालवायला घ्यायला तयार होती, पण तिने स्वच्छ सांगितलं होतं, "सर, तुमची कार्डं मला वाचता येत नाहीत. जे वाचता येत नाही त्याच्या भरवशावर मी कुणाला औषध देणार नाही." बरोबरच होतं तिचं. म्हणजे कार्डं मशीनमध्ये गेली तर श्वेता येणार, नाहीतर दिवाळीला दवाखाना बंद. सोनिवलीच्या नव्या इमारतींतल्या लोकांना दुसरा डॉक्टर मिळाला असता. चामटोलीच्या आणि तिच्या पलीकडच्या वाड्यांतल्या माणसांना मिळाला नसता. मिळाला असता तरी तो त्यांना नावाने हाक मारणारा नसता. मी ईर्ष्येने कामाला लागले.

साडेतीन हजार कार्डं. पोलादी कपाटाचे लांब खण, त्यांत गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे लावलेली. ही सगळी मांडणी कंपाउंडर मंदाताईंची. त्या सव्वीस वर्षं तिथे होत्या. पेशंट दारात दिसला की मंदाताई खण ओढणार, वरून बोट फिरवणार आणि न बघता कार्ड बाहेर. मी काम सुरू केलं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि त्या तीन आठवडे रोह्याला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "जपून गं. खण नीट लाव." मी हो म्हटलं.

स्कॅनर एकेक कार्ड आपणहून ओढून घेतो, त्याचा फोटो काढतो आणि पुढे टाकतो. कार्ड सपाट असलं तरच. इथे दर पन्नास-साठ कार्डांमागे एक कार्ड वर उजव्या कोपऱ्यात मुडपलेलं निघायचं आणि स्कॅनर खर्रकन अडकायचा. दोन दिवसांत माझं डोकं फिरलं. हे काय वागणं झालं? गरीब माणसाचं कार्ड म्हणून कसंही कोंबायचं? मी पडदा सरकवून आत गेले आणि डॉक्टरांना सुनावलं, की सर, कार्डांचे कोपरे बघा कसे झालेत, पेशंटच्या कागदाचा काही मान नको का, मी सगळे सरळ करतेय. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या कानात त्या वेळी नळ्या होत्या आणि एका मुलाची छाती ते ऐकत होते. मी कपाटाबद्दल काहीतरी बोलतेय असं त्यांना वाटलं, हे मला नंतर कळलं.

मग मी कोपरे सरळ केले. मन लावून केले. दिवसभर एकेक कोपरा उलगडायचा, संध्याकाळी गठ्ठ्यावर डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं ठेवायची. जे हट्टी निघाले त्यांच्यावर मी घरून आणलेली इस्त्री फिरवली, वर ओलसर फडकं टाकून. अकरा कार्डं अगदी चिंध्या झालेली होती, ती नव्या कार्डांवर माझ्या अक्षरात उतरवून काढली आणि जुनी रद्दीत घातली. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

शेवटी एक खाना उरला. 'कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे?' डॉक्टरांच्या कार्डांवर त्याबद्दल कुठेच अक्षर नव्हतं. मशीन दोनच उत्तरं घ्यायचं. औषधांच्या यादीतलं एखादं नाव, नाहीतर 'नाही'. अजून विचारलेलं नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. मी नानकसेठना फोन लावला. ते म्हणाले, "खाना खाली नहीं छोड़ने का, मॅडम. नहीं तो आगे नहीं जाएगा." मग मी सगळ्यांपुढे 'नाही' भरलं. एकेक नव्हे, सगळ्यांना मिळून एक बटण असतं. साडेतीन हजार माणसांना कुठलंही औषध बाधत नाही, असं मी एका बोटाने ठरवून टाकलं.

तो दिवस सोमवार. डॉक्टर गुप्ते हात दाखवायला मुंबईला गेले होते. श्वेता पहिल्यांदाच एकटी बसली होती. सकाळ इतकी सुरेख गेली की काय सांगू. नाव सांगितलं की पान उघडायचं, जुन्या कार्डाचा फोटो, खाली माझी स्वच्छ नोंद. श्वेता दोनदा म्हणाली की तुझ्यामुळे सोपं झालं. मी बाहेर मंदाताईंच्या खुर्चीत ऐटीत बसले होते.

साडेअकराला खुद्द मंदाताई आल्या. स्टेशनावरून थेट, हातात पिशवी, पिशवीत डिंकाचे लाडू. नात झाली होती. मला एक लाडू दिला आणि बोलता बोलता सवयीने खण ओढून कार्डांवरून बोट फिरवलं. बोलणं थांबलं. त्यांनी परत बोट फिरवलं. मग दुसरा खण ओढला, मग तिसरा.

"कोपरे कुणी सरळ केले?"

मी लाडू खात म्हटलं, "मी. काही तर इस्त्री करून."

मंदाताई बाकावर बसल्या. पेशंटच्या बाकावर. सव्वीस वर्षांत त्यांना तिथे बसलेलं कुणी पाहिलं नसेल.

ज्याला एखादं औषध बाधलं त्याच्या कार्डाचा वरचा उजवा कोपरा मुडपायचा, ही त्या दवाखान्याची रीत होती. डॉक्टर पडद्याआड, औषधं काढून देणाऱ्या मंदाताई बाहेर. गर्दीत कार्ड ओढताना मुडपलेला कोपरा बोटाला लागला की त्या थांबायच्या, आत जाऊन डॉक्टरांना आठवण करायच्या आणि मगच सिरिंज भरायच्या. वीज गेली तरी बोटाला कळायचं. मी विचारलं की मग लिहून का नाही ठेवलं. मंदाताई रागावल्या नाहीत, त्यांना प्रश्नच समजला नाही. "लिहायचं कशाला? वाचत बसायला वेळ कुणाला होता? हाताला लागतं की."

श्वेता पडदा धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने एवढंच विचारलं, "आज सकाळपासून किती झाले?"

एकोणीस झाले होते. मी स्क्रीनवरून एकेक नाव वाचत गेले. मंदाताईंनी डोळे मिटले होते आणि हवेत बोट हलत होतं, जणू खण समोरच आहे. नाही. नाही. ही नवीन माणसं. नाही. त्याचा भाऊ, हा नाही. बाराव्या नावाला मी म्हटलं, "हिराबाई, चामटोलीच्या वरची वाडी." मंदाताईंनी डोळे उघडले.

"तिचा कोपरा मीच मुडपला होता."

वीस वर्षांपूर्वी याच बाकावर. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेऊन हिराबाई बाहेर येऊन बसली आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास लागेना. डॉक्टरांनी तिला उचलून आत नेलं, तिचा जीव परत आणला आणि दिवस मावळेपर्यंत तिच्याजवळून हलले नाहीत. हे सगळं त्या कार्डावर होतं, एका घडीत. कार्ड अकरा चिंध्यांपैकी होतं. मी ते माझ्या सुंदर अक्षरात उतरवलं होतं आणि घडी रद्दीत घातली होती.

श्वेताचा चेहरा उतरला. हिराबाईच्या पायात बांबूचं कूस घुसून पू झाला होता. श्वेताने जखम धुतली होती आणि पाच दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या. पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या. "मी विचारलं नाही," ती म्हणाली. "स्क्रीनवर 'नाही' होतं." माझ्याकडे बघून म्हणाली नाही, ते मला जास्त लागलं.

स्क्रीनवर हिराबाईचा मोबाइल नंबरही होता. मी फोन लावला. वाजत राहिला. मंदाताई म्हणाल्या, तो तिचा नव्हे, वाडीतल्या एका मुलाचा आहे, सगळी वाडी तोच नंबर देते. तो अंबरनाथला कंपनीत जातो आणि फोन गेटवर जमा करतो. मग डॉक्टर गुप्त्यांना लावला. मी अडखळत सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हिरा किती वाजता गेली?"

"अकराला."

"गोळी कधी घ्यायची सांगितली आहे?"

"दुपारी, जेवल्यावर."

"मग ती चालत असेल. जा. श्वेताला बरोबर ने आणि तातडीच्या इंजेक्शनची पेटी घ्या. मंदाला सांग, लोकांना थांबवून धर."

माझ्या स्कूटरवर आम्ही दोघी, मध्ये पेटी. चामटोलीच्या दुकानात विचारलं तर म्हातारी चहा पिऊन मघाशीच पुढे गेली म्हणाले. पाय दुखत होता तरी तिचा वेग आमच्या हिशेबापेक्षा जास्त होता. पुढे कच्चा रस्ता, मग पायवाट. स्कूटर टाकली आणि चढायला लागलो. श्वेता माझ्यापुढे होती. पत्रकांत मी 'जनतेच्या आरोग्याशी खेळ' हे शब्द किती वेळा लिहिले असतील. त्या चढावर ते शब्द मला माझ्याच नावापुढे दिसत होते.

हिराबाई अंगणात बसली होती. पांढरी पट्टी बांधलेला पाय लांब सोडलेला, पुढ्यात भाताचं ताट, निम्मं संपलेलं. ताटाशेजारी कॅप्सूलची पट्टी. पट्टीतला एक खळगा रिकामा होता.

श्वेता धावली. मी जागीच उभी राहिले. मग मला दिसलं, कॅप्सूल ताटाच्या कडेला होती, मीठ वाढतात त्या जागी, नीट ठेवलेली. श्वेताने आधी ती उचलली आणि मगच बसली.

"आजी, एखादी घेतली का तुम्ही?"

"जेवल्याबिगर घेऊ नको म्हनलीस ना तू?" हिराबाई आमच्याकडे बघत राहिली. दोन बाया धापा टाकत येतात आणि ताटातली गोळी उचलतात, म्हणजे हे काय?

मी तिला सगळं सांगितलं. पत्रक लिहिणाऱ्याला स्वतःची चूक लपवायला जमू नये, एवढं तरी मला वाटतं. कोपरा मी सरळ केला, कार्ड मी रद्दीत घातलं, मशीनमध्ये 'नाही' मी भरलं, डॉक्टरणीचा दोष नाही. तिने घास चावत सगळं ऐकलं. मग मी विचारलं, "पण आजी, तुम्हाला तर आठवत होतं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"माझा कागद हाय ना डाक्तराकं," हिराबाई म्हणाली. "त्यात हाय समदं. वर मी आपल्या तोंडानं कशाला सांगू? नवी पोर हाय, तिला वाटंल म्हातारी शिकवायला लागली."

'कागद तुमचा आहे' असं छापून मी हजारो प्रती वाटल्या होत्या. त्या कागदावर इतका विश्वास टाकलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

श्वेताने पायातल्या चपला काढल्या आणि ती अंगणात नीट मांडी घालून बसली. "शिकवा मला," ती म्हणाली. "सुरुवातीपासून सांगा."

आणि हिराबाईने सांगितलं. सुई कुठल्या हाताला होती, आधी जीभ कशी जड झाली, मंदाताई कशी किंचाळली, डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम. मध्येच मुलाचं लग्न आलं, एक म्हैस आली. बदलापुरात बाकावर माणसं खोळंबली होती हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी श्वेताने तिला एकदाही तोडलं नाही. वहीत लिहीत होती, बघत मात्र हिराबाईकडे होती. संपल्यावर तिने निघताना पेटीत टाकलेल्या दुसऱ्या घराण्यातल्या गोळ्या काढून दिल्या. हिराबाईने ती पट्टी पदरात बांधली आणि म्हणाली, "आता काय लिवलंस ते वाच."

श्वेताने वाचलं. म्हैस सोडून सगळं होतं.

"बरोबर हाय." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "आनि हिला सांग, कापडांना इस्त्री कर म्हनावं. कागदांना नको."

श्वेता आधी हसली. मला हसू आलं ते उतरण लागल्यावर.

पुढचे आठ दिवस आम्ही तिघी कार्डं घेऊन बसलो. जुन्या कार्डांना घड्या शंभर असतात, डोळ्यांनी बघून काही कळत नव्हतं. मंदाताई डोळे मिटून प्रत्येक कार्डाचा उजवा कोपरा चिमटीत धरायच्या. इस्त्रीखाली गेलेली मुद्दाम घातलेली घडी त्यांच्या बोटांना लागायची. त्यासुद्धा दोन-तीन वेळा अडल्या. अशी साठ-बासष्ट कार्डं निघाली. डॉक्टर गुप्ते प्रत्येकाचं औषध तोंडाने सांगत गेले, मी ते मशीनमध्ये भरत गेले. याला सल्फा, हिला ती लाल गोळी, याला काय ते आठवत नाही, विचारू.

मी डॉक्टरांची माफी मागितली. "चूक तुझी आहेच," म्हणाले. "पण एकटीची नाही. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनाच कळेल असं लिहीत राहिलो. मला वाटायचं, मी आणि मंदा इथे कायमचे आहोत." मंदाताई खण लावत होत्या.

आता तो 'नाही'. ज्यांचं औषध कळलं ती नावं सोडली तर तो बाकी सगळ्यांपुढे तसाच होता. मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं, माझ्या जुन्या पत्रकांच्या भाषेत लिहिलं. 'न विचारता भरलेलं उत्तर ही खोटी साक्ष आहे. आम्हाला खाना रिकामा ठेवण्याचा हक्क द्या.' उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. मशीन औषधाचं नाव मागतं ना? मग मी औषधांच्या यादीत एक नवीन औषध घातलं. नाव ठेवलं 'विचारा'. उरलेल्या सगळ्या माणसांना 'विचारा' नावाच्या औषधाची ॲलर्जी आहे अशी नोंद केली. आता कुणाचंही पान उघडलं की लाल पट्टी येते, 'सावधान, विचारा', आणि डॉक्टरने विचारून खरं उत्तर भरल्याशिवाय ती जात नाही. या वेळी एकच बटण दाबलं नाही. एकेक नाव उघडलं. तेवढी शिक्षा मी स्वतःला दिली.

नानकसेठनी ती पट्टी बघून विचारलं, हे कुठलं औषध. मी सगळं सांगितलं. सेठ प्रत्येक गोष्टीत गिऱ्हाईक बघणारे, मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांच्या आईला कुठल्याशा गोळीने अंगभर गांधी उठल्या होत्या, ते सांगत बसले. मग म्हणाले, "बाकी सब डॉक्टर के यहां भी यही डाल दो." त्यानंतर मी जिथे जिथे मशीन लावते तिथे हा खाना 'विचारा'ने भरते. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. आणि आता मी कुठल्याही दवाखान्यात पहिले दोन दिवस मशीनला हात लावत नाही. कंपाउंडरच्या शेजारी बसते आणि त्यांची बोटं बघते. डबीला बांधलेला दोरा, उलटं ठेवलेलं कार्ड, पेनाच्या टोपणाचा रंग. जे कुणी कधी लिहिलं नाही ते तिथे असतं.

श्वेता तो दवाखाना चालवते. हिराबाईचा पाय बरा झाला. डॉक्टर गुप्ते सकाळी तासभर येऊन बसतात, मंदाताईंच्या जागी दुसरं कुणी आलेलं नाही, खण अजून त्याच ओढतात.

चिंध्या झालेली कार्डं अकरा होती. जुने कागद शोधायला मी रद्दीवाल्याकडे गेले होते, माल केव्हाच पुढे गेला होता. डॉक्टरांना आणि मंदाताईंना बाकीच्या दहा माणसांबद्दल नक्की काही सांगता येईना. हिराबाई धरून अकरांतली नऊ माणसं आजवर येऊन गेली, विचारून झालं. दोन राहिली आहेत. एक सोनिवलीचं, त्याचं कुटुंब घर विकून गेलं, कुठे ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही. दुसरं वाडीवरचं, वीटभट्टीच्या कामाला गेलं ते परतलंच नाही. मी दोनदा जाऊन चौकशी केली आहे, पुन्हा जाणार आहे. त्या दोन पानांवरची लाल पट्टी अजून तशीच आहे. पण पट्टी बदलापुरात आहे. ती माणसं दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरसमोर बसत असतील, आणि आपला कागद डॉक्टरकडे आहे असं समजून गप्प राहत असतील.